पाळीच्या चक्रात बीज नेमकं कधी सुटतं? चौदावा दिवस सगळ्यांचाच का?

सायली_न | ३ जून, रात्री ११:१०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, पण धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय घरात कुणाशी बोलता येत नाही म्हणून.

लग्नाला तीन वर्षं झाली. गेले आठ महिने आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. मी नाशिकला नोकरी करते, नवरा चाकणला एका कारखान्यात आहे. तो दर पंधरा दिवसांनी येतो. फोनमधलं अ‍ॅप चौदाव्या दिवसावर फूल काढून दाखवतं, तेव्हा त्या सुमाराला त्याची एक फेरी बसवतो. दुसरी फेरी आपोआप सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास पडते. माझी पाळी काही अठ्ठावीस दिवसांनी येत नाही. गेल्या सहा महिन्यांचे दिवस असे: ३५, ३३, ३८, ३६, ३४, ३६.

आमचे घरचे डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, वर्षभर थांबा. पण मला साधं एवढंच कळून घ्यायचंय, की एवढ्या लांब चक्रातही बीज चौदाव्याच दिवशी सुटतं का? आणि आपलं आपल्याला ते कळतं का?

मृण्मयी | ३ जून, रात्री ११:४२

सायली, नाही गं. तुझ्या बाबतीत चौदावा दिवस बहुतेक फार लवकरचा आहे.

चक्राचे दोन भाग असतात. पाळी आल्यापासून बीज सुटेपर्यंतचा पहिला भाग. तो कमी-जास्त होतो. परीक्षा, आजारपण, रात्रपाळी, वजन, थायरॉइड, कशानेही लांबतो. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा दुसरा भाग बऱ्यापैकी ठरलेला असतो. साधारण १२ ते १४ दिवस, काहींचा १० तर काहींचा १६. म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून उलटं. २८ दिवसांच्या चक्रात उलटं मोजलं तरी १४ येतात आणि सुलटं मोजलं तरी १४. सगळा घोळ तिथे झाला.

तुझे आकडे घे. ३३ मधून १४ गेले, १९. ३८ मधून १४ गेले, २४. म्हणजे तुझं बीज अंदाजे १९ ते २४ या दिवसांत सुटतंय. पुरुषबीज शरीरात जास्तीत जास्त पाच दिवस टिकतं, स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तास. आता तुझ्या नवऱ्याच्या फेऱ्या बघ. चौदाव्या दिवशीची लवकर, अठ्ठाविसाव्या दिवशीची उशिरा.

सायली_न | ३ जून, रात्री ११:५८

मृण्मयी, तुझा प्रतिसाद वाचून कॅलेंडर काढून बसले. आठच्या आठ महिने असंच झालंय. रडू आलं खरं तर.

प्रसाद_क | ४ जून, सकाळी ७:१५

एवढं किचकट कशाला? आमच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, १२ ते १८ दिवस, एक दिवसाआड. दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस राहिले. हिशेब मांडत बसलं की ताणच वाढतो.

मृण्मयी | ४ जून, सकाळी ८:०५

प्रसाद, तुमच्या बायकोचं चक्र २८-३० चं असणार, म्हणून ते लागू पडलं. सायलीला हाच सल्ला दिला तर ३८ दिवसांच्या महिन्यात गर्भ राहायचे सगळे दिवस हुकतील. एक दिवसाआड हे मात्र शंभर टक्के बरोबर. ज्यांना रोज एकत्र राहता येतं त्यांनी पाळी संपल्यापासून दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवले तर काहीच मोजायला नको. इथे नवरा दोनशे किलोमीटरवर आहे, म्हणून मोजावं लागतंय.

ऋजुता | ४ जून, सकाळी ८:५०

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. या विषयावरचा सगळ्यात जास्त उल्लेख होणारा अभ्यास इथलाच आहे. २२१ बायकांनी रोजच्या लघवीचे नमुने ठेवले, डायरी लिहिली. १९९५ मध्ये निष्कर्ष छापला. गर्भ राहिला तो फक्त सहा दिवसांत आलेल्या संबंधांतून: बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो दिवस. दुसऱ्या दिवसापासून काही नाही. त्याच मंडळींनी २००० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. हे सहाही दिवस चक्राच्या १० ते १७ मध्ये बसतात अशा बायका सुमारे ३० टक्केच. म्हणजे पुस्तकातला चौदावा दिवस हा अल्पसंख्याकांचा आहे, सायली. तू एकटी नाहीस.

देवकी | ४ जून, सकाळी ९:३०

वाचते आहे. उपयुक्त धागा.

शुभदाकाकू | ४ जून, सकाळी १०:२०

मी चौतीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात नर्सबाई म्हणून काम केलं. तेव्हा अ‍ॅप कुठली आणि पट्ट्या कुठल्या? आम्ही बायकांना विचारायचो, "अंगावरून पांढरं कसं जातं?" लाजत लाजत सांगायच्या, पण बिनचूक सांगायच्या.

पाळी संपल्यावर काही दिवस कोरडं असतं. मग चिकट, पांढरट, खळीसारखं. बीज सुटायची वेळ जवळ आली की पातळ, पारदर्शक आणि निसरडं होतं. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक बोटांत धरून ताणला तर तार निघते ना, तसं. अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच लांब करायचं. दोन-तीन इंच तुटलं नाही, तर ते तुझे दिवस. निसरडेपणाचा शेवटचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्या आसपासच बीज सुटतं. नंतर एकदम घट्ट किंवा कोरडं होतं.

एक लक्षात ठेव. वास येत असेल, खाज सुटत असेल, दह्यासारखं जात असेल तर तो जंतुसंसर्ग. डॉक्टरांना दाखवायचं, त्यावर अंदाज बांधायचा नाही. आणि बघायचं ते लघवीला जाताना. संबंधानंतर लगेच बघू नको, फसगत होते.

रमा | ४ जून, सकाळी १०:४४

काकू, मला वाटायचं हा आजारच आहे. कॉलेजात असताना सहा महिने त्यावर काढे प्यायले. कुणी सांगितलंच नाही की हे चांगलं लक्षण आहे.

शुभदाकाकू | ४ जून, सकाळी ११:०२

रमा, अशा कितीतरी मुली यायच्या. आईच लाजते तर मुलीला कोण सांगणार?

आरती_एस | ४ जून, दुपारी १:१५

मी थर्मामीटरने पाहिलं आहे, दीड वर्ष. सकाळी डोळे उघडल्याबरोबर, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, तोंडात थर्मामीटर. बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा घ्यायचा, तापाचा साधा चालत नाही. बीज सुटण्याआधी माझं ९७.२, ९७.३ असायचं. सुटल्यावर ९७.९ च्या वर जायचं आणि पाळी येईपर्यंत तिथेच राहायचं. तीन सकाळ सलग वर दिसलं की बीज सुटून गेलं असं धरायचं.

सासूबाई पहिला आठवडाभर काळजीत. रोज सकाळी सुनेच्या तोंडात थर्मामीटर! त्यांनी गवती चहा, आलं, तुळस घालून काढा आणून दिला. शेवटी कागदावर आलेख काढून दाखवला. त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अंगात ऊब येते, तेव्हा झालेलं असतं." इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. पुढे पाळीची तारीख त्याच विचारायच्या.

अडचण एकच. तापमान वर जातं ते झाल्यानंतर. त्यामुळे या महिन्यात उपयोग नाही, पण तीन-चार महिन्यांचे आलेख शेजारी ठेवले की आपली ओळख पटते. आणि तापमान १८ दिवसांहून जास्त वरच राहिलं तर चाचणी करायची.

चिन्मय_पु | ४ जून, दुपारी २:४०

सायली यांना सांगावंसं वाटतं: तुमच्या यजमानांची वीर्यतपासणी झाली का? आम्ही अकरा महिने फक्त बायकोचे दिवस मोजत होतो. तिच्या सोनोग्राफ्या, तिच्या रक्ततपासण्या, तिलाच गोळ्या. दोष माझ्यात निघाला, संख्या कमी होती. साधी तपासणी आहे, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. मी ती टाळत होतो, लाज वाटायची. ते अकरा महिने तिने जे सोसलं त्याची मला आजही टोचणी आहे.

मृण्मयी | ४ जून, दुपारी २:५५

चिन्मय, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. प्रत्येक धाग्यात हा प्रतिसाद हवा.

वाचनवेडा | ४ जून, रात्री ९:०५

थोडं विषयांतर, पण मुळाशी नेणारं. उलटं मोजायची ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. जपानमध्ये निगाता इथे क्यूसाकू ओगिनो नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. पोटाच्या शस्त्रक्रिया करताना ते बीजांडकोश बारकाईने बघत आणि त्या बाईची पुढची पाळी कधी आली याची नोंद ठेवत. १९२४ मध्ये त्यांनी मांडलं की पुढच्या पाळीच्या आधी १२ ते १६ दिवसांत बीज सुटतं. ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोहोचले. ओगिनोंचा हेतू बाळ हवं असलेल्यांना मदत व्हावी हा होता. लोकांनी ते बाळ नको म्हणून वापरलं, त्याला त्यांचा विरोध होता.

आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठवलं आणि दिल्लीची लोदी कॉलनी आणि मैसूर राज्यातलं रामनगरम इथे 'सुरक्षित काळा'चा प्रयोग झाला. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या, रोज एक मणी सरकवायचा. पण माळेतले मणी ठरलेले आणि चक्र कमी-जास्त, त्याला माळ काय करणार?

आणि हे सगळं मराठीत उघडपणे बोलायला किती धैर्य लागत होतं! र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. आज आपण रात्री अकराला असा धागा काढतो ते त्यांच्यामुळे.

देवकी | ४ जून, रात्री ९:३०

वाचनवेडा, ओगिनोंचं अजिबात माहीत नव्हतं.

निखिल_डोंबिवली | ५ जून, सकाळी ७:५०

मग आम्हाला मूल नको असेल तर हाच हिशेब उलटा वापरता येईल ना? बायकोला गोळ्यांचा त्रास होतो.

शुभदाकाकू | ५ जून, सकाळी ९:१०

निखिल, नुसत्या कॅलेंडरवर भरवसा ठेवू नका. बीज एखाद्या महिन्यात आठवडाभर आधी सुटू शकतं आणि पुरुषबीज पाच दिवस वाट बघत थांबतं. २६ ते ३२ दिवसांचं नियमित चक्र असलेल्यांसाठी ८ ते १९ दिवस टाळायची एक पद्धत आहे. ती काटेकोर पाळली तरी वर्षात शंभरात पाच जणींना दिवस राहतात, आणि रोजच्या जगण्यात पाळली जाते तशी पाळली तर बारा जणींना. निरोध वापरा किंवा तांबीबद्दल दोघं मिळून डॉक्टरांशी बोला. आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. बीज आधी सुटतं, पाळी मागाहून येते. कधी कधी मधली पाळी येतच नाही.

अनुजा_लॅब | ५ जून, सकाळी १०:३५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. सायलीसारख्या लांब चक्राच्या मुलींसाठी हे लिहिते.

बीज सुटलं की नाही हे बघायला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासतात. चिठ्ठीवर सर्रास "२१ वा दिवस" लिहिलेलं असतं. हा एकविसावा दिवस २८ च्या चक्राचा. खरा नियम पुढच्या अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, चक्र ३६ चं. एकविसाव्या दिवशी रक्त दिलं, रिपोर्ट ०.६. काउंटरवर उभी राहूनच तिने गूगल केलं आणि ओठ थरथरायला लागले, "ताई, माझं बीजच सुटत नाही." मी तिला बाजूच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं, डॉक्टरांना विचारून एकोणतिसाव्या दिवशी परत दे. तेव्हा ११ आलं. ३ च्या वर असलं की बीज सुटलं असं धरतात. आठ दिवस त्या पोरीने कसे काढले असतील!

मीनल_रा | ५ जून, दुपारी १२:२०

कुणी म्हणतं सम दिवशी संबंध आले तर मुलगा आणि विषम दिवशी मुलगी. माझ्या जाऊबाईंनी तसाच हिशेब केला होता. यात तथ्य आहे का? उत्सुकता म्हणून विचारते.

ऋजुता | ५ जून, दुपारी १२:५५

नाही. मी वर सांगितलेल्या १९९५ च्या अभ्यासात दिवस आणि बाळाचं लिंग यांचा संबंध सापडला नाही. ते पित्याच्या पुरुषबीजावर ठरतं.

शुभदाकाकू | ५ जून, दुपारी १:३०

मीनल, तू सहज विचारलंस हे कळतं. पण या सम-विषमपायी पहिल्या मुलीनंतर सासरी छळ सोसलेल्या बायका मी पाहिल्यात. १९९४ चा गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा उगाच नाही झाला. या धाग्यावर हा हिशेब नको.

मीनल_रा | ५ जून, दुपारी १:४१

पटलं काकू. पुन्हा नाही विचारणार.

स्नेहा_पीसी | ५ जून, रात्री १०:१५

मला पीसीओडी आहे, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा बीजांडकोशाचा त्रास. मेडिकलमधून एलएचच्या पट्ट्या (बीज सुटण्याआधी वाढणारं संप्रेरक लघवीत दाखवणाऱ्या) आणल्या होत्या, पाच-सहा दिवस दोन्ही रेघा गडद यायच्या आणि पाळी दोन महिने नाही. पीसीओडीत एलएच मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे पट्टी फसवते. पट्टी सांगते ती मेंदूने हुकूम सोडला एवढंच. हुकूम पाळला गेला की नाही ते सोनोग्राफीत कळतं.

माझी फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीजाची पिशवी कशी वाढते ते बघणारी सोनोग्राफी, तीन चक्रं झाली. एक दिवसाआड जायचं, लघवी करून मग आत. डॉक्टर एका पिवळ्या कार्डावर लिहायच्या: दिवस, उजवी बाजू, डावी बाजू, गर्भाशयाचं अस्तर. १२ वा दिवस, उजवी ११ मिमी. १४ वा, १५. १६ वा, १९. दिवसाला साधारण दोन मिमी वाढतं. २० च्या आसपास गेलं की फुटतं. अठराव्या दिवशी तोंड फिरवून मी छताकडे बघत होते आणि त्या म्हणाल्या, "फुटलंय, मागे थोडं पाणीही दिसतंय." पहिल्या दोन चक्रांत फुटलंच नव्हतं. ते कार्ड अजून कपाटात आहे. मुलगी आता चार वर्षांची.

सायली_न | ५ जून, रात्री ११:०५

स्नेहा, कार्डाचं वाचून फार बरं वाटलं. मला पीसीओडी नाही, गेल्या वर्षी सोनोग्राफी झाली होती. मग पट्टी वापरू का? आणि कुठल्या दिवसापासून?

स्नेहा_पीसी | ५ जून, रात्री ११:२०

वापर. सगळ्यात लहान चक्रातून १७ वजा करायचे. तुझे ३३, म्हणजे सोळाव्या दिवसापासून. सकाळची पहिली लघवी नको, दुपारी किंवा संध्याकाळी रोज एकाच वेळी बघ. आधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नको. गरोदरपणाच्या पट्टीत फिकट रेघही धरतात, इथे नाही. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. गडद झाली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. तो दिवस आणि दुसरा दिवस चुकवू नका. पण त्याआधीचे दोन-तीन दिवसही तितकेच कामाचे, तेव्हा नवऱ्याला पट्टी बघून बोलावू नकोस, आधीच बोलाव.

प्रसाद_क | ६ जून, सकाळी ७:३०

मी वर म्हटलं होतं किचकट कशाला. बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "माझं चक्र २९ चं, तुला माहीत तरी होतं का?" नव्हतं. सायली, माझा १२ ते १८ वाला सल्ला मागे घेतो.

रमा | ६ जून, सकाळी ९:००

मला त्या दिवसांत एका बाजूला ओटीपोटात कळ येते, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. तेही याचंच लक्षण का?

मृण्मयी | ६ जून, सकाळी ९:२५

हो, बऱ्याच जणींना येते. एक-दोन दिवसांत थांबत असेल तर काळजी नको. बाजू दर महिन्याला बदलेलच असं नाही. कळ फार जोराची असेल किंवा ताप येत असेल तर दाखव.

सायली_न | १९ जून, रात्री १०:४०

सगळ्यांना सांगायला आले. या वेळी माझ्या नवऱ्याने, मंदारने, कारखान्यातली कामाची पाळी बदलून घेतली आणि १५ तारखेला आला. १२ तारखेपासून (सोळावा दिवस) मी पट्ट्या सुरू केल्या होत्या. पाच दिवस फिकट. १७ ला संध्याकाळी सात वाजता बाथरूमच्या खिडकीपाशी उजेडात धरली, तर दुसरी रेघ पहिलीहून गडद. एकविसावा दिवस! काकू, तुम्ही सांगितलेली तारसुद्धा १६ आणि १७ ला निघाली. आठ महिने शरीर सांगत होतं, मी अ‍ॅपकडे बघत होते.

शुभदाकाकू | १९ जून, रात्री ११:००

शाब्बास पोरी. आता दोन आठवडे चाचणी करू नकोस. फोलिक अ‍ॅसिड चालू आहे ना? रोज ४०० मायक्रोग्रॅम, आत्तापासूनच.

सायली_न | २ जुलै, सकाळी ८:१५

आज पाळी आली. वाईट वाटलंच. पण ३५ दिवसांनी आली, आणि १८ जूनपासून मोजले तर बरोबर १४. मृण्मयी, तुझा हिशेब एका दिवसानेही चुकला नाही. शनिवारी मंदारची तपासणी आहे, चिन्मय यांचा प्रतिसाद त्याने स्वतः वाचला आणि स्वतःच वेळ घेतली.

चिन्मय_पु | २ जुलै, सकाळी ९:४०

मंदार यांना सांगा, काही शंका असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कधीही.

मृण्मयी | २ जुलै, सकाळी १०:०५

सायली, आज पहिला दिवस, म्हणजे १७ जुलैपासून पट्टी. तुझे दिवस २० ते २५ जुलै. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्ष पुरं होईपर्यंत थांबायला हरकत नाही, पण हे आठ महिने हुकलेलेच होते हे डॉक्टरांना तारखांसकट दाखव.

सायली_न | २ जुलै, सकाळी १०:३०

तीस आहे. वहीत लिहून ठेवलंय, तारखांसकट. मंदारने १८ ते २५ रजा टाकली आहे.